सिंहपुरातील अर्धी घटका

प्रवासात चालण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा थांबण्यात जाणारा वेळ मनुष्याची अधिक परीक्षा पाहतो. गाडी चालू लागली म्हणजे आपले काम संपते. परंतु एक गाडी सोडून दुसरी धरावयाची असली म्हणजे सामान, घड्याळ व सोबतची माणसे या तिहींचा मेळ आपला आपणच घालावा लागतो. आमच्या लहानपणी ही परीक्षा मनमाड जंक्शनावर होत असे. मुंबईकडून येणारी गाडी पाच फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवरून येई, आणि तेव्हाच्या औरंगाबादेकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराकडे, जाणारी गाडी एक मीटर रुंदीच्या रुळांवर उभी असे. मध्यरात्री वळकट्या, ट्रंका व फिरकीचा तांब्या सांभाळीत एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जावयाचे, आणि तेवढ्या अवधीत फलाटावर कोणी आप्त भेटावयास आलेला असला तर त्याच्याशी दोन शब्द बोलावयाचे! त्या काळी पुष्कळ घरांतील खुशाली, निरोप, लोणच्याच्या बरण्या व क्वचित सोयरिकीची बोलणीदेखील अशाच फलाटांवर पार पडत.

आता तो प्रकार संपला, असे आम्ही समजत होतो. परंतु सन २०२४ च्या भाऊबीजेस, म्हणजे ३ नोव्हेंबर रोजी, आम्हांस असे कळून आले की, जंक्शने नाहीशी झालेली नाहीत. ती केवळ दूर गेली आहेत. आमचे मनमाड या खेपेस सिंगापुरात होते.

प्रथम थोडे त्या स्थलाविषयी सांगतो. सिंगापूर हे नाव आपल्याच शब्दभांडारातील आहे. सिंह आणि पुर या दोन संस्कृत शब्दांचे ते सिंहपुर. मलय भाषेत त्या देशाचे नाव आजही ‘सिंगापुरा’ असेच आहे. एका राजपुत्राने या बेटावर सिंह पाहिला व त्यावरून त्याने नगरास हे नाव दिले, अशी मलय लोकांत दंतकथा आहे. हे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस सव्वा-दीड अंशावर असल्यामुळे येथे दिवस व रात्र वर्षभर जवळजवळ सारखीच असते. घड्याळाची मात्र येथे मोठी मौज आहे. रेखांशाचा हिशेब केला तर आपल्या देशाच्या प्रमाणवेळेत व येथील वेळेत दीड तासाहूनही किंचित कमी अंतर पडावयास पाहिजे. परंतु प्रत्यक्षात अडीच तासांचे पडते. मलेशियाने १ जानेवारी १९८२ पासून आपली घड्याळे अर्धा तास पुढे केली, तेव्हा शेजारधर्म म्हणून सिंगापुरानेही तसेच केले. त्यामुळे तेथे सूर्यनारायण बारा महिने सकाळी सातच्या आगेमागे उगवतात. प्रातःसंध्या करणाऱ्याने तेथे पहाटे पाचास उठण्याचे कारण नाही.

तेथील विमानतळ बेटाच्या पूर्व टोकास चांगी या ठिकाणी आहे. पूर्वी नागरी विमाने पाया लेबार येथे उतरत. ती जागा अपुरी पडणार हे ओळखून सन १९७५ मध्ये सरकारने चांगी येथे नवा तळ बांधण्याचे ठरविले व समुद्रात भर टाकून पुष्कळशी जमीन निर्माण केली. १ जुलै १९८१ रोजी तेथील पहिले टर्मिनल चालू झाले. पुढे १९९० मध्ये दुसरे, २००८ मध्ये तिसरे व २०१७ मध्ये चौथे झाले. परंतु चांगी या नावास याहून जुनी व दुःखद अशी आठवण आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्रजांनी सिंगापुरात जपान्यांपुढे शस्त्रे खाली ठेविली. त्यानंतर हजारो युद्धकैदी चांगीच्या परिसरात डांबले गेले, आणि त्यांच्याच श्रमाने जपान्यांनी तेथे विमानांची पहिली धावपट्टी तयार करविली. जे हिंदी सैनिक त्या वेळी शरण गेले, त्यांतूनच आझाद हिंद सेनेची प्रथम उभारणी झाली, व ४ जुलै १९४३ रोजी याच नगरात सुभाषबाबूंनी त्या चळवळीचे नेतृत्व स्वीकारले. आज तेथे गालिच्यांवरून हातगाड्या ढकलीत जाणाऱ्या प्रवाशांस यांपैकी कशाचीही चाहूल लागत नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून काही वर्षे घालविलेल्या मनुष्यास मात्र विमान उतरते वेळी खिडकीतून ती भूमी पाहताना हे सर्व आठवल्यावाचून राहत नाही.

आता आमच्या कार्याकडे वळतो. आमची थोरली बहीण, जिला सर्व गोतावळा आक्का म्हणतो, ती तीन वर्षांपूर्वी आपल्या मुलाकडे ऑस्ट्रेलियात पर्थ येथे गेली होती. तिचे वय शहात्तर. आमच्याहून ती दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे आम्हांस अक्षरओळख तिनेच करून दिली. जाताना तिने वाईच्या आपल्या घराची किल्ली आमच्या हवाली केली होती. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही तेथे जाऊन दारे-खिडक्या उघडीत असू, कौले शाकारून घेत असू, व परसातील पारिजातकाच्या मुळाशी चार तांबे पाणी घालून येत असू. आता आक्का कायमची स्वदेशी परत येत होती, आणि नेमके त्याच वेळी आम्ही सपत्नीक आमच्या मुलाकडे मेलबर्न येथे सहा महिन्यांकरिता निघालो होतो. तिचे विमान पर्थहून सिंगापूरमार्गे मुंबईस. आमचे मुंबईहून सिंगापूरमार्गे मेलबर्नला. दोन्ही तिकिटांवरील तारीख एकच, आणि ती भाऊबीजेची! तेव्हा चांगी येथे गाठ घेऊन किल्ली तिच्या हाती द्यावी, असे ठरले. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेविता आली असती, हे खरे. परंतु तीन वर्षे भेट नाही, पुढे आणखी सहा महिने होणार नाही, आणि दोघांचीही वये आता अशी की, सहा महिन्यांचा भरवसा कोणी धरावा? किल्ली हे निमित्त.

परंतु निघते दिवशी सायंकाळी त्या निमित्तालाच वेगळे वळण लागले. मुंबईच्या विमानतळावर असता पर्थहून भाच्याचा दूरध्वनी आला. तो म्हणाला, “मामा, आईला किल्ली देऊ नका. मागच्या उन्हाळ्यात तिला भोवळ आली होती, हे तुम्हांला ठाऊकच आहे. वाईला ती एकटी राहणार म्हणते. किल्ली तुमच्यापाशी राहिली म्हणजे ती आपोआप पुण्याला ताईकडे राहील. माझे ती ऐकत नाही, तुमचे ऐकेल.” मुलगा मातृभक्त आहे, तीन वर्षे त्याने व त्याच्या पत्नीने तिची सेवा केली. त्याची काळजी खोटी नव्हती. आम्ही त्यास एवढेच सांगितले की, तिला पाहिल्यावर ठरवू. आमच्या कुटुंबाने हे सर्व ऐकले होते. परंतु तिने आपले मत दिले नाही. “नणंदेच्या घराची किल्ली. मी काय बोलणार?” इतकेच ती म्हणाली व फराळाचा डबा पुन्हा एकदा चाचपून पाहू लागली.

मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर असून विमानास साडेपाच तास लागतात. आमचे विमान सकाळी ७ वाजून २५ मिनिटांनी पोहोचावयाचे व मेलबर्नचे ९ वाजून ५० मिनिटांनी सुटावयाचे. दोहोंमधील अंतर २ तास २५ मिनिटे. म्हणजे कागदावर चैन होती. आक्काचे पर्थचे विमान सातच्या आत येणार होते, व मुंबईचे ९ वाजून २५ मिनिटांनी निघणार होते. पर्थ व सिंगापूर येथील घड्याळे एकच वेळ दाखवितात, त्यामुळे तिला घड्याळ फिरविण्याचे कारण नव्हते. आम्हांस मात्र प्रत्येक वेळी मनात अडीच तास मिळवावे लागत. पण मुंबईसच उड्डाणाकरिता विमानांची रांग लागलेली होती. आम्ही चाळीस मिनिटे उशिरा, म्हणजे ८ वाजून ५ मिनिटांनी, भूमीस लागलो. आणि आमची आसने विमानाच्या शेपटाकडे असल्यामुळे बाहेर पडेपर्यंत सव्वाआठ होऊन गेले.

चांगीची रचना जाणून घेतली नसती तर येथेच सर्व ओंफस झाले असते. पहिले टर्मिनल मध्यभागी, दुसरे त्याच्या एका बाजूस व तिसरे दुसऱ्या बाजूस, अशी ती तिन्ही एकमेकांस जोडलेली आहेत. चौथे मात्र दूर असून तेथे बसने जावे लागते. विमानाच्या दारांस अक्षरे दिलेली आहेत. अ-ब-क-ड या इंग्रजी अनुक्रमाने ‘ए’ व ‘बी’ ही तिसऱ्या टर्मिनलात, ‘सी’ व ‘डी’ पहिल्यात, ‘ई’ व ‘एफ’ दुसऱ्यात, ‘जी’ व ‘एच’ चौथ्यात. एवढे ध्यानात असले म्हणजे पाटीवरील नुसत्या अक्षरावरून आपणांस कोठे जावयाचे ते कळते. शिवाय पहिल्या तिन्ही टर्मिनलांच्या आतल्या भागात पारपत्र न दाखविता हिंडता येते; पुढील विमान धरणाऱ्यास सिंगापूर देशात रीतसर प्रवेश करावाच लागत नाही. या सोयीवाचून आमची भेट शक्यच नव्हती. आम्ही उतरलो ‘सी’ दारी, म्हणजे पहिल्या टर्मिनलात. आक्का होती तिसऱ्यात. आणि आमचे मेलबर्नचे विमान सुटणार होते दुसऱ्यातून. त्रिकोणाच्या तीन बाजूंपैकी दोन बाजू आम्हांस चालावयाच्या होत्या.

येथे कुटुंबाने एक निर्णय फार समयोचित घेतला. तिचे गुडघे दुखतात. तिने फराळाचा डबा व आक्काकरिता घेतलेले इरकली लुगडे आमच्या हाती दिले, आपण हातातील सर्व सामान घेतले, व ती थेट दुसऱ्या टर्मिनलाकडे निघाली. “तुम्ही जाऊन या. मी तेथे जाऊन बसते. निदान एक माणूस तरी दारापाशी असू द्या. वन्संना माझा नमस्कार सांगा,” असे म्हणून ती वळली. तीन वर्षांनी होणारी नणंदेची भेट तिने त्या क्षणी सोडून दिली; व आम्हांस मोकळे हात दिले.

टर्मिनलांच्या दरम्यान स्कायट्रेन नावाची चालकरहित लहानशी गाडी धावते. दर काही मिनिटांनी ती येते, दारे आपोआप उघडतात, व बसावयास जागा मिळते न मिळते तोच उतरण्याची वेळ होते. तिने आम्ही तिसऱ्या टर्मिनलात गेलो. भेटीची जागा भाच्याने आधीच नेमून दिली होती, फुलपाखरांच्या बागेच्या दाराशी. होय, या विमानतळाच्या पोटात खरोखरीच फुलपाखरांची बाग आहे! तेथे पोहोचलो तेव्हा घड्याळात ८ वाजून ३८ मिनिटे झाली होती.

आक्का चाकांच्या खुर्चीत बसली होती. खुर्ची ढकलण्याकरिता नेमलेली मलय बाई, डोक्यास रुमाल बांधलेली, पन्नाशीची, शेजारी उभी होती. आक्का वाळली होती. केस सगळे पांढरे झाले होते. परंतु आम्हांस पाहताच ती म्हणाली, “नाना, चष्मा नवा घेतलास. जुना बरा दिसत होता.” यावरून डोळे व जीभ ही दोन्ही शाबूत आहेत याची खात्री पटली.

मलय बाईंनी नम्रपणे बोट घड्याळावर ठेविले. खुर्चीतील प्रवाशांस विमानात सर्वांआधी बसवितात. ८ वाजून ५० मिनिटांनी त्यांस आक्कांना घेऊन निघणे भाग होते. म्हणजे आमच्या वाट्यास बारा मिनिटे आली. जुन्या मापाने चोवीस मिनिटांची एक घटका. तेव्हा ही अर्धी घटका.

त्या अर्ध्या घटकेत प्रथम भाऊबीज झाली. यमधर्म आपल्या भगिनीच्या, यमुनेच्या, घरी जेवावयास गेला, ती ही यमद्वितीया. या दिवशी भावाने स्वगृही भोजन करू नये, बहिणीच्या हातचे खावे, असा आपला प्रघात. पण जेथे दोघेही घर सोडून वाटेवर आहेत तेथे काय करावे? आक्काने सर्व तयारी केली होती. तिने पिशवीतून स्टीलच्या डब्याचे झाकण काढले; तेच तबक. कुंकवाचा करंडा, कागदात बांधलेल्या अक्षता, एक सुपारी व बोटातील अंगठी काढून तीत ठेविली. निरांजन पेटविणे अर्थातच अशक्य होते. तिने सुपारीने व अंगठीने तीन वेळा ओवाळले, कपाळी कुंकू लाविले, डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि बेसनाचा एक लाडू आमच्या हाती देऊन म्हणाली, “येथेच खा. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याच्या जिनसा कागदावर लिहून दाखवाव्या लागतात. लपविले तर दंड करतात.” आम्ही उभ्या उभ्या लाडू खाल्ला, लुगडे तिच्या मांडीवर ठेविले, व नमस्कार केला. येणारे-जाणारे प्रवासी थबकून पाहत होते. एका चिनी म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली.

मलय बाई कौतुकाने हे सर्व पाहत होत्या. आम्ही बहिणीकडे व स्वतःकडे बोट दाखवून “सौदारा” असे म्हटले, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला व त्यांनी मान हलविली. मलय भाषेतील हा शब्द म्हणजे आपला ‘सोदर’, एका उदरी जन्मलेला. त्या भाषेत भाषेला ‘बहासा’ म्हणतात, पतीस ‘सुआमी’ म्हणतात, व शिक्षकास आपल्यासारखेच ‘गुरू’ म्हणतात. शाळेत हे शब्द आम्ही मुलांस फळ्यावर लिहून दाखवीत असू. त्यांतला एक जिवंत मनुष्याच्या ओळखीचा निघालेला पाहून आम्हांस जे समाधान झाले त्याचे वर्णन करीत बसण्यास तेथे वेळ नव्हता.

कारण आक्का म्हणाली, “त्याने तुला दूरध्वनी केला असेल. किल्ली आणली आहेस ना?”

आम्ही आणली आहे असे सांगितले. आणि भाच्याचे म्हणणे, काही न वगळता, तिच्यापुढे ठेविले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. मग पिशवीतून चौपदरी घडी घातलेला कागद काढला. त्यावर तिच्या वळणदार अक्षरात सर्व काही मांडलेले होते. रात्री सोबतीस जुन्या मोलकरणीची सून येऊन निजणार. सकाळी आठ वाजता शेजारच्या घरी फुले नेऊन द्यावयाची. फुले आली नाहीत तर शेजारणीने येऊन पाहावयाचे. वैद्यांचे घर चार दारे सोडून. औषधांच्या वेळा. आठवड्यातून एकदा पुण्याहून मुलगी येणार. न्हाणीघरात धरावयास दांडा बसविण्याकरिता सुताराशी बोलणे झालेले. आणि शेवटी, दोन महिन्यांत पुन्हा भोवळ आली तर आपण होऊन पुण्यास जावयाचे.

“पर्थला मला काही कमी नव्हते,” ती म्हणाली. “सून माझ्या हातात पाण्याचा पेलासुद्धा देई. पण दिवसभर घरात कोणी नसे, आणि रस्त्यावर कोणी चालत नसे. तेथे मी पडले असते तर संध्याकाळी सहाला कळले असते. वाईला आठ वाजून पाच मिनिटांनी कळेल.”

या हिशेबास उत्तर नव्हते. परंतु आम्ही किल्ली दिली ती केवळ या हिशेबामुळे नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरे पद निक्षेपाचे आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेविलेली वस्तू. ज्याने ठेविली त्याने मागताच ती परत केली पाहिजे, हे त्यातील सूत्र. ठेव सांभाळणाऱ्यास सल्ला देण्याचा अधिकार आहे, काळजी करण्याचा आहे, रागावण्याचाही असेल. परंतु मालकाच्या हितासाठी म्हणून ती दाबून ठेवण्याचा अधिकार त्यास कोणी दिलेला नाही. घर आक्काचे, किल्ली आक्काची. तिची बुद्धी स्थिर आहे की नाही एवढेच पाहावयाचे होते, आणि तो कागद पाहिल्यावर तो प्रश्न उरला नाही. म्हातारपणी मनुष्याची काळजी घेणे व त्याच्या हातून त्याचे घर काढून घेणे या दोन गोष्टी आपण पुष्कळदा प्रेमाच्या भरात एकच समजतो. त्या एक नाहीत.

आम्ही किल्ली तिच्या ओंजळीत ठेविली. तिने ती कंबरेस खोवली, वर पदर घेतला, व म्हणाली, “पारिजातक जगला आहे ना?” जगला आहे, म्हणून सांगितले. मग ती काही बोलली नाही. मलय बाईंनी खुर्ची वळविली. वळणावर आक्काने मागे न पाहता उजवा हात वर केला, पूर्वी आम्हांस शाळेच्या दारात सोडून जाताना करी तसाच. ८ वाजून ५१ मिनिटे झाली होती.

तिसऱ्यातून दुसऱ्या टर्मिनलाकडे जाणारी स्कायट्रेन ज्युएल नावाच्या काचेच्या प्रचंड घुमटातून जाते. पहिल्या टर्मिनलासमोर गाड्या उभ्या करण्याची जी जागा होती तेथे हा घुमट उभारला असून तो १७ एप्रिल २०१९ रोजी सर्वांस खुला झाला. मोशे सफ्दी हे त्याचे स्थापत्यकार. आत उतारावर सर्वत्र वृक्षराजी, व छताच्या मध्यातील छिद्रातून ४० मीटर खाली कोसळणारा धबधबा. छपराखालील धबधब्यांत जगात सर्वांत उंच तो हाच. परंतु त्या सकाळी धार अजून सोडलेली नव्हती. झाडे होती, ओल होती, मध्यभागी पाण्यावाचून राहिलेले ते वर्तुळ होते. इतके दिसले न दिसले तोच गाडी पुढे निघाली. ज्यांस धबधबा पाहावयाचा आहे त्यांनी दुपारनंतर जावे.

दुसऱ्या टर्मिनलात उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, आणि आमचे दार ‘ई’च्या रांगेत बरेच आत होते. चांगीच्या या टर्मिनलात हातातील सामानाची सुरक्षा-तपासणी सर्वांकरिता एके ठिकाणी नसून प्रत्येक दाराशी होत होती. म्हणजे दारापर्यंत पोहोचले तरी पुढे रांग असावयाचीच. विमान सुटण्याच्या दहा मिनिटे आधी दार बंद होईल, असे आमच्या पासावर छापलेले होते. सरकत्या पट्ट्यांवरून चालत, म्हणजे दुप्पट वेगाने, आम्ही सव्वानऊस दाराशी आलो. कुटुंब रांगेच्या तोंडाशी उभे राहून मागून येणाऱ्यांस एकेक करून पुढे सोडीत होते, व आपली जागा शेवटी राखीत होते. तिने आमच्या कपाळावरील कुंकवाकडे पाहिले व विचारले, “दिलीत?” आम्ही मान हलविली. “बरे केलेत,” ती म्हणाली. आणि तिने आपले मत दिले ते तेव्हा. आम्ही आसनांवर बसलो तेव्हा ९ वाजून ३० मिनिटे झाली होती. पाच मिनिटांपूर्वीच आक्काचे विमान सुटावयाचे होते.

भाचा महिनाभर आमच्याशी तुटक बोलत होता. पुढे आक्काने वाईहून त्यास रोज सकाळी आठ वाजता फुलांच्या परडीचे छायाचित्र पाठविण्याचा परिपाठ ठेविला; पर्थला ती वेळ साडेदहाची. एके दिवशी छायाचित्र सव्वाआठपर्यंत गेले नाही, तेव्हा त्याने कचेरीतून शेजारणीस दूरध्वनी केला. आक्का दारात कासाराशी बांगड्यांच्या भावाची घासाघीस करीत होती. तेव्हापासून त्याचा राग गेला. काळजी आहे, आणि ती असावयासच पाहिजे.

वाचकांपैकी पुष्कळांची मुले आज देशोदेशी आहेत, व उतारवयात अशा प्रवासाचे प्रसंग त्यांस येतात; म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करितो. विमान बदलावयाचे असेल तेव्हा दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. म्हणजे मोठे सामान थेट शेवटच्या गावी जाते, व पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमानकंपनीवर राहते. वेगळी तिकिटे असली तर सामान काढून घेण्याकरिता त्या देशात प्रवेश करावा लागण्याचा संभव असतो, आणि मग प्रवेशपत्राचाही प्रश्न येतो. टर्मिनल ऐन वेळी बदलू शकते. यास्तव विमानातून उतरताच भिंतीवरील पडद्यावर आपल्या पुढील विमानाचे दार पाहावे, घरून लिहून आणलेल्यावर विसंबू नये. चाकांची खुर्ची लागत असल्यास ती तिकीट काढतानाच मागून ठेवावी. त्यात कमीपणा नाही. औषधे व किल्ल्या मोठ्या सामानात कधीही टाकू नयेत. त्या अंगावरच असाव्यात. वाटेत कोणास भेटावयाचे ठरविले असेल तर आपल्या विमानाचे दार बंद होण्याच्या वेळेपासून उलट गणित करीत यावे, व उरलेल्या वेळाचा निम्माच आपला समजावा. आणि जे द्यावयाचे ते भेटताच काढून हाती द्यावे. बोलणे मागाहून होत राहते.